गाइडमधल्या लिंक दरवर्षी त्याच का तुटतात? कपाटावरच्या क्यूआर कोडापासून सुरू झालेली दुरुस्ती

जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू झाली की आमच्या लायब्ररीत एक तक्रार ठरलेली. यंदा ती विद्यार्थ्यांच्या आधी आमच्या अटेंडंटभाऊंनीच आणली. संदर्भ विभागातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर एक क्यूआर कोड चिकटवलेला आहे, 'खानदेश: इतिहास, भूगोल, लोक' या आमच्या गाइडचा, म्हणजे त्या विषयावरच्या उपयोगी लिंकांच्या पानाचा. भाऊंनी मोबाइल धरला, थोडं खाली-वर करून बघितलं आणि काउंटरवर येऊन म्हणाले, "सर, हाई उघडस नही. पैसा मांगी राह्यनी."

खरंच मागत होती. क्यूआर ज्या फुकटच्या सेवेवर बनवला होता, तिची फुकटची मुदत संपलेली. आता स्कॅन केलं की 'प्लॅन विकत घ्या' असं पान येत होतं. गाइड तिच्या जागी ठणठणीत होती, तिच्याकडे नेणारा मधला दलाल तेवढा उठून गेला होता.

म्हटलं, कोड बदलायचाच आहे तर आतल्या लिंकही एकदा बघून घेऊ. दोनशेच्या आसपास लिंक आहेत. 'कमवा आणि शिका' योजनेतली एक मुलगी आणि मी, दोघं मिळून बसलो. दुपारपर्यंत लक्षात आलं की मेलेल्या लिंकांमधल्या बऱ्याचशा मागच्या वर्षी मीच 'दुरुस्त' केलेल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षीही. म्हणून हे लिहितोय. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांमध्ये माझ्यासारखे एकटे ग्रंथपाल बरेच आहेत. बहुतेकांची गाइड आमच्यासारखीच गूगल साइट्सवर किंवा कॉलेजच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात असते. लिबगाइड्ससारखी गाइड बनवायची विकतची सोय असेल तर तपासणीचं काम थोडं हलकं होतं, पण पुढे जो घोटाळा सांगणार आहे तो तिथेही होतोच.

माझा नेहमीचा उपाय काय होता? लिंक उघडली नाही की गूगलमध्ये दोन शब्द टाकायचे, जे पहिलं बरं पान येईल त्याचा पत्ता उचलायचा आणि जुन्याच्या जागी चिकटवायचा. पाच मिनिटांचं काम. वर्षभरात तोही पत्ता जायचा. एकदा तर 'केळी लागवड माहिती' या नावाखाली शेवटी ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात राहिली होती, आणि मूळची माहिती कोणाची होती, पुस्तिका होती की लेख, हे मलाही आठवेना. गाइडमध्ये लिहिलं होतं फक्त 'येथे क्लिक करा'. दुखणं इथेच होतं. आम्ही पत्ता लिहून ठेवला होता, वस्तू लिहून ठेवली नव्हती. पत्ता गेला की वस्तूही गेली.

हे आपल्याच नशिबी आहे असं वाटत असेल तर सांगतो. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये मोजदाद केली, तेव्हा 2013 साली असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्याच्या आसपास मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नाहीत, असं हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं होतं. तेव्हा आपण फार वाईट लायब्रेरियन आहोत असं समजायचं कारण नाही.

आधी मरणाचं कारण बघा

लिंक उघडत नाही एवढ्यावर हात घालू नका. ब्राउझर काय म्हणतो ते वाचा. 404 म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पान त्या जागी नाही. बहुतेक वेळा ते दुसरीकडे हललेलं असतं, म्हणजे शोधलं तर मिळतं. 410 आलं तर त्यांनी ते जाणूनबुजून काढलंय, शोधण्यात वेळ घालवू नका, थेट आर्काइव्हकडे, म्हणजे पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटकडे जा. 500 किंवा 503 म्हणजे त्यांच्या सर्व्हरचीच तब्येत बिघडली आहे. अशी लिंक काढू नका, चार दिवसांनी परत बघा. सरकारी साइटच्या बाबतीत मी आठवडा देतो. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असं आलं तर बहुधा त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. तेही आपोआप सुधारू शकतं. सर्व्हरच सापडत नाही असं आलं तर डोमेनच, म्हणजे साइटचं नावच, गेलं असण्याची शक्यता जास्त.

403 मात्र फसवं आहे. ते तुम्हाला आलंय की तपासणीच्या सॉफ्टवेअरला आलंय, हे आधी बघा. मोठे प्रकाशक यंत्राने केलेल्या विचारणा दारातच अडवतात. माणसाने उघडलं तर पान नीट उघडतं. मी एकदा रिपोर्ट बघून डझनभर चांगल्या जर्नलच्या लिंक उडवल्या होत्या. नंतर अर्थशास्त्राच्या मॅडमनी आणून दाखवलं की सगळ्या चालू आहेत.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जी लिंक मेलीय पण मेल्याचं सांगत नाही. पान उघडतं, सर्व्हर 200 म्हणजे 'सगळं ठीक' असं कळवतो, आणि समोर असतं साइटचं मुखपृष्ठ किंवा 'माहिती उपलब्ध नाही' अशी ओळ. तपासणीच्या यंत्राला हे हिरवंच दिसतं. त्याचा मोठा भाऊ म्हणजे विकलं गेलेलं डोमेन. एका छोट्या संशोधन पत्रिकेने नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत, कोणीतरी ते नाव घेतलं, आणि आमच्या मराठी विभागाच्या गाइडमधून मुलं रमीच्या साइटवर पोहोचायला लागली. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या दहा दिवस आधी हे सापडलं. त्या रात्री मी जेवलो नाही असं बायको अजून सांगते.

आणखी एक प्रकार: पान तेच आहे, पण गोष्ट शिळी झाली. संशोधन करणाऱ्यांसाठीच्या आमच्या गाइडमध्ये 'यूजीसी-केअर यादी बघा' असं ठळक अक्षरांत होतं. मान्यताप्राप्त जर्नलांची ही यादी 2019 मध्ये आली आणि यूजीसीने ती बंद केल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालं. ही ओळ कुठलंही यंत्र पकडणार नाही, कारण यंत्राच्या हिशोबी पान उघडणारी लिंक चांगली. हे वाचूनच पकडावं लागतं.

खानदेशाच्या गाइडमध्ये काय सापडलं

गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथापासून, सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त मागणी त्याला असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशाचा, 1880 चा. आमची जुनी लिंक राज्य शासनाच्या साइटच्या एका आतल्या फोल्डरमध्ये जायची. साइटची मांडणी बदलली, फोल्डर गेलं. मी त्या वेळी दुसरीकडचा एक पीडीएफ लावला, तोही गेला. या वेळी गाइडमध्ये आधी लिहिलं: ग्रंथाचं नाव, खंड 12, खानदेश, 1880, इंग्रजी. त्याखाली दोन जागा दिल्या, शासनाच्या गॅझेटिअर विभागाची आणि इंटरनेट आर्काइव्हची. आता दोन्ही गेल्या तरी मुलगा हे पाच शब्द घेऊन तिसरीकडे शोधू शकतो.

इथे खानदेशी मंडळींसाठी एक आडवळण. हरवलेली वस्तू परत शोधताना जिल्ह्याचं आजचं नाव टाकून भागत नाही. 1906 पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, आणि नंदुरबार तर 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे 1991 च्या जनगणनेतलं नवापूर किंवा अक्कलकुवा शोधायचं तर धुळ्याच्या पुस्तकात बघावं लागतं. इंग्रजी जुन्या कागदांत धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया' असं सापडतं. ही टीप मी आता गाइडमध्येच टाकली आहे. लिंकपेक्षा तिचा उपयोग जास्त होतोय.

जिल्ह्यांच्या सरकारी साइट: जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे पत्ते आधी 'निक डॉट इन'ने संपायचे, आता 'गव्ह डॉट इन'ने. मुखपृष्ठ सहज सापडतं, आतले पीडीएफ मात्र नव्या जागी नव्या नावाने. दिल्लीतही तेच. मनुष्यबळ विकास मंत्रालय 2020 मध्ये शिक्षण मंत्रालय झालं आणि साइटचा पत्ताही बदलला. जनगणनेच्या साइटचंही रूप पालटलं, तेव्हा 2011 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकांच्या आमच्या सगळ्या थेट लिंक एका फटक्यात गेल्या. पुस्तिका साइटवर आहेत, पण आता कॅटलॉगमधून शोधाव्या लागतात. अशा वेळी थेट पीडीएफला लिंक देण्याचा मोह आवरा. ज्या पानावर त्या पीडीएफचं नाव आणि वर्णन आहे, त्या पानाला द्या. एक क्लिक जास्त पडते, पण पान टिकण्याची शक्यता बरीच बरी.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या लिंकही होत्या, जुन्या मराठी पुस्तकांच्या. ती साइट आता त्या रूपात नाही. पण तिथल्या भरपूर पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, आणि त्यांच्या ओळखनावात 'डीएलआय 2015' आणि पुढे एक आकडा असतो. तो आकडा जपून ठेवा. तिथली लिंक देताना पुस्तकाच्या तपशिलाच्या पानाचीच द्या. डाउनलोड सुरू झाल्यावर वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसतो, तो एका विशिष्ट सर्व्हरचा असतो. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली की तो मेला.

आता शोधगंगा, म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. ही जरा जवळून दाखवतो, कारण इथे दुरुस्ती अक्षरशः अर्ध्या मिनिटात होते आणि लोक तासन् तास शोधत बसतात. आमच्या विद्यापीठातून पीएचडी झालेल्यांचे खानदेशावरचे प्रबंध आम्ही जोडले होते. (विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं, त्यामुळे त्याआधीच्या प्रबंधांवर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असतं. शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.) मेलेल्या लिंक समोर ठेवल्या तर काहींच्या पत्त्यात मधेच 8080 हा आकडा आणि 'जेएसपीयूआय' असं काहीतरी होतं. ते त्या वेळच्या सर्व्हरचं अंतर्गत दार. पण त्याच पत्त्याच्या शेवटी 'हँडल' शब्दानंतर 10603, मग तिरकी रेघ, मग एक आकडा असतो. हा प्रबंधाचा कायमचा नंबर. 10603 ही शोधगंगेची ओळख, पुढचा आकडा त्या प्रबंधाचा. मधलं सगळं खोडा, शोधगंगेचा चालू पत्ता, 'हँडल', आणि हा नंबर जोडा. उघडतं. ज्या लिंक 'बिटस्ट्रीम' शब्द असलेल्या, म्हणजे थेट एखाद्या प्रकरणाच्या पीडीएफला दिलेल्या होत्या, त्यांच्यातूनही हाच नंबर काढून प्रबंधाच्या मुख्य पानाची लिंक दिली.

जर्नलमधल्या लेखांना हेच काम डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा नंबर, करतो. लेखाला डीओआय असेल तर प्रकाशकाचा पत्ता लिहूच नका. प्रकाशक विकला जावो, साइट बदलो, डीओआयच्या नोंदीत नवा पत्ता भरणं त्यांचं काम. ते कधी कधी भरत नाहीत, हेही खरं. पण तेव्हा निदान नंबर टाकून लेख शोधता येतो.

आपणच केलेल्या चुका

काही लिंक तर जन्मतःच मेलेल्या होत्या. शोधपेटीत शब्द टाकायचा, निकाल आला की वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करायचा. त्या पत्त्यात 'सेशन' किंवा तत्सम काहीतरी आणि पुढे अक्षरांची माळ असेल तर तो पत्ता तुमच्या त्या वेळच्या भेटीपुरताच असतो. तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत चालेल, मुलाकडे चालणारच नाही. दुसरी चूक लॉगिनची. एन-लिस्टमधून, म्हणजे कॉलेजांना लॉगिनवर ई-जर्नल आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेतून, आत जाऊन उचललेला पत्ता मुलाने घरून उघडला की त्याला पैसे मागणारं पान दिसतं आणि तो समजतो लिंक तुटली. म्हणून कुठलीही लिंक टाकण्याआधी मी ती मोबाइलवर, कॉलेजचं वायफाय बंद करून, खासगी विंडोमध्ये उघडून बघतो. या एका सवयीने निम्म्या तक्रारी थांबल्या.

लघुपत्ते, म्हणजे लांब पत्त्याऐवजी मिळणारे आखूड पत्ते, देऊ नका. गूगलने स्वतःची लघुपत्त्यांची सेवा नव्या लोकांसाठी 2018 मध्येच थांबवली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वापरात नसलेले जुने बंद केले. गूगलचं हे, तर बाकीच्यांचं काय.

कॉलेजची वेबसाइट नव्या माणसाकडे दिली तेव्हा आमच्याच लायब्ररीच्या पानाचा पत्ता बदलला. कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. शेजारच्या दोन कॉलेजांनी आमच्या गाइडला दिलेल्या लिंक त्या दिवशी मेल्या. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेण्याची सोय, 301 म्हणतात ती, त्या माणसाने मागितल्यावर करून दिली. तेव्हा साइट बदलायची बैठक असेल तर न बोलावता जाऊन बसा.

तपासणी कशी करतो

विंडोजवर झेनू नावाचं जुनं फुकट सॉफ्टवेअर आहे. दिसायला अगदीच जुनाट, पण गाइडचा पत्ता दिला की सगळ्या लिंक तपासून रंगीत यादी देतो. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा ऑनलाइन तपासकही चालतो. कॅटलॉग कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरवर असेल तर नोंदींमधल्या 856 फील्डात ई-पुस्तकांचे पत्ते असतात. ते आपण विसरूनच जातो, गाइडच्या दुप्पट लिंक तिथे पडलेल्या असतात. कोहासोबत ते तपासायची स्क्रिप्ट येते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला रात्री चालवायला सांगा.

यंत्राचा रिपोर्ट आला की त्यावर लगेच हात चालवायचा नाही. लाल आलेल्या लिंक दुसऱ्या दिवशी परत तपासायच्या, मग हाताने उघडायच्या. हिरव्या आलेल्यांपैकीही रोज पाच-सहा उघडून वाचायच्या. रमीचं प्रकरण यंत्राने हिरवंच दाखवलं होतं. आम्ही हे काम वर्षातून दोनदा करतो, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत. मे महिन्यात खानदेशात बाहेर तसंही काही करता येत नाही.

मेलेली लिंक हाती आली की क्रम असा. आधी शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून नवी जागा शोधायची. नाही मिळाली तर जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे पानांच्या जुन्या प्रती असतात तिथे, टाकायचा आणि पान जिवंत असतानाच्या तारखेची प्रत निवडायची. सगळ्यात ताजी घेऊ नका, ती बरेचदा '404'चीच प्रत असते. गाइडमध्ये 'जतन केलेली प्रत' असं लिहून तारीख द्यायची. आणि नवी लिंक टाकताना त्याच वेळी तिथे पान जतन करून ठेवायचं. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा त्या आठवड्यातच मी हाती लागेल ते पान जतन करत सुटलो होतो, कारण समारंभांच्या साइट मांडवासारख्याच असतात. पण एकट्या वेबॅकवर विसंबू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ते बंदच होतं. लॉगिनमागची पानं तिथे जतन होतही नाहीत.

या सगळ्याची नोंद एका शीटमध्ये. प्रत्येक लिंकसाठी: वस्तूचं पूर्ण नाव, कर्ता किंवा संस्था, साल, कायमचा नंबर असेल तर तो, पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, शेवटची तपासणी, आणि 'ही इथे का आहे'. शेवटच्या रकान्यात काही सुचलं नाही तर लिंक काढून टाकतो. अशा चाळीसेक गेल्या. कोणी विचारलं नाही. एका प्राध्यापकांनी तेवढं विचारलं, त्यांच्या भाच्याच्या ट्रॅव्हल कंपनीची लिंक पर्यटनाच्या गाइडमधून का काढली म्हणून.

क्यूआरचं असं केलं: पत्ता थेट कोडातच भरलेला, मधे कुठली सेवा नाही, आणि तो पत्ता आमच्या स्वतःच्या पानाचा. आतल्या लिंक कितीही बदलल्या तरी कपाटावरचा कागद बदलावा लागणार नाही. कोडाखाली पत्ता छापलाही आहे, कॅमेरा चालत नसेल त्याच्यासाठी. भाऊंनी स्वतः चिकटवला आणि स्कॅन करून बघितला.

एक ओळ अजून लाल आहे. वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी केळीवरच्या रोगांचे फोटो, तीस वर्षांत शेताशेतात जाऊन काढलेले, गूगल ड्राइव्हवर ठेवून आम्हाला लिंक दिली होती. सर निवृत्त झाले, कॉलेजचं खातं बंद झालं, फोटो गेले. वेबॅकमध्ये ड्राइव्हचं काही मिळालं नाही. सरांना फोन केला, तर म्हणाले जुन्या लॅपटॉपात असतील, पण तो चालू होत नाही, घेऊन येतो. रविवारी येणार आहेत. आमचा कमवा-शिकातला एक मुलगा हार्ड डिस्क बाहेर काढायची केस घेऊन तयार बसलाय.